सेनापतीचं शेवटचं वाक्य

बाईंच्या पाच ऐतिहासिक कादंबऱ्यांत पाच वीर मेले, आणि पाचही जण मरताना पानभर बोलले. वाचक ढसाढसा रडले. पाचवीला तर मोठा पुरस्कार मिळाला. एकटे नवरोबा, गणिताचे मास्तर, दरवेळी हस्तलिखिताच्या समासात पेन्सिलीनं लिहायचे, 'छातीत भाला घुसलाय, याला एवढा दम कुठून?' पुरस्कारानंतर मात्र बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. सहाव्या कादंबरीचं एक पानही त्यांनी मास्तरांना दाखवलं नाही. मास्तरांनीही मागितलं नाही, आणि त्याचा बाईंना जास्तच राग आला.

आज मास्तरांच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. प्रकाशकानं शेवटच्या प्रकरणासाठी तगादा लावलेला, म्हणून इस्पितळातल्या खाटेशेजारी बसून बाई सेनापतीला मारत होत्या.

"वाच की," मास्तर म्हणाले.

बाईंनी वाचलं. सेनापती राज्याबद्दल बोलला, मुलाबद्दल बोलला, मग परत राज्याबद्दल. तेवढ्यात वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन आला. मास्तरांनी चष्मा काढून बाईंच्या हातात दिला.

"अगं, खिडकी लावून घे. वारा सुटलाय, पानं उडतील."

एवढंच बोलले, आणि गेले आत.

ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर बाईंचा जीव टांगणीला लागला. हे शेवटचंच बोलणं ठरलं तर? जन्मभर मरणाऱ्यांना भाषणं पुरवली, आणि स्वतःच्या नवऱ्याला साधं 'या हं लवकर' म्हणायचं सुचलं नाही! हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून त्यांनी सेनापतीचं अख्खं भाषण खोडलं. बायकोकडे बघत तो आता एवढंच म्हणाला, 'खिडकी लावून घे. वारा सुटलाय.' आणि मेला.

लिहिलं, आणि बाईंनी ते परत वाचलं. हे काय अभद्र करून बसले मी? खोडायला पेन उचललं, तोच दार उघडलं. सर्जनबाई मास्क खाली करत म्हणाल्या, "ऑपरेशन झालं. पण आज-उद्या काही सांगता यायचं नाही."

ते आज-उद्या बाईंनी कसं काढलं, ते त्यांचं त्यांना ठाऊक. मग मास्तर शुद्धीवर आले. त्यांनी आधी चष्मा मागितला, नंतर ते प्रकरण. शेवटापर्यंत वाचलं. कपाळाला आठ्या पडल्या.

"हे तर माझं वाक्य."

"पण चांगलंय ना हो?"

"चांगलंय. पेन्सिल आण." त्यांनी त्यावर काट मारली. "त्याला त्याचं काहीतरी बोलू दे. हे मला अजून लागणार आहे."

बाई डोळे पुसत उठल्या आणि खिडकी लावायला गेल्या.