फोन नंबर: नाही

हे आजवर कुणाशी बोलले नाही. आईशीसुद्धा नाही. आता सांगतेच आहे, तर सरळ सांगेन—तेवढं मला येतं.

आमच्या घरातली पहिली पदवी माझी. बी.ए., फर्स्ट क्लास. बिबवेवाडीच्या आमच्या दोन खोल्यांत ती भिंतीवर आहे, अण्णांनी स्वतः खिळा ठोकून लावलेली. अण्णा म्हणजे माझे वडील. मार्केट यार्डात हमाल. ऑफिसात मात्र मी काय सांगितलं होतं? "वडिलांचा यार्डात व्यवसाय आहे."

मी एका आरोग्य संस्थेत काम करते. यंदा उन्हाळ्यात आमची संस्था, एक हॉस्पिटल आणि हमालांची संघटना, अशा तिघांनी मिळून यार्डात शिबिर घेतलं—उन्हात राबणाऱ्यांची त्वचा तपासायची, कॅन्सरची शंका आली तर पुढे पाठवायचं. माणसं आणायची संघटनेनं, तपासायचं डॉक्टरांनी, फॉर्म भरून नंतर फोन करायचे आम्ही. टोप्याही वाटल्या. रांगेतून कुणीतरी म्हणालं, "टोपी घातल्यावर पोतं कुठं ठेवायचं, साहेब?" सगळे हसले. मी नाही. आवाज घरचा होता.

अण्णा माझ्या टेबलासमोर आले. शेजारी आमच्या ऑफिसच्या मॅडम बसलेल्या. मी फॉर्मवरून नजर काढली नाही. विचारलं—स्वतःच्या बापाला—"आपलं नाव?" त्यांनी पूर्ण नाव सांगितलं. आडनाव तेच, पण शिंदे पुण्यात काय कमी आहेत?

"फोन नंबर?"

"पाठ नाही, मॅडम. पोरीला पाठ आहे."

पोरीला पाठ होता. मी लिहिलं—नाही.

पलीकडे डॉक्टर त्यांच्या कानावरची बारीक जखम बराच वेळ बघत होते. दिसलं मला. घरी गेल्यावर विचारता आलं असतं, नाही का? पण विचारलं की ते "आपलं नाव?" निघालं असतं. मी विषय काढला नाही. त्यांनीही नाही. नंबर नसलेल्यांना संघटना कळवेल असं आम्ही धरलं. आम्ही कळवू असं संघटनेनं. अण्णा मात्र मोबाईल खिशात ठेवून जेवायला बसू लागले. वाजला की आधी माझ्याकडे बघायचे—की मलाच तसं वाटायचं? असे चार महिने गेले. कानावरची जखम भरेना. मग त्यातून रक्त येऊ लागलं.

गेल्या आठवड्यात कानाचा तुकडा काढून तपासायला दिला. डॉक्टर वैतागले, "अहो, इतके दिवस काय करत होतात?"

"फोन आला नाही," अण्णा म्हणाले. एवढंच.

बाहेर काउंटरवर पुन्हा फॉर्म. बाईंनी नंबर विचारला. मी तोंड उघडणार, तोवर अण्णांनीच सुरुवात केली—एकेक आकडा, सावकाश, दहाच्या दहा. कधी पाठ केला, कुणाकडून, मला माहीत नाही. सांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

रिपोर्ट सोमवारी आहे.