नागभाषेला स्कोप आहे

खांदा कॉलनीतले अविनाश सामंत पहिल्यांदा मेले ते चहा यायच्या आत.

रविवारची दुपार होती. त्यांच्याच हॉलमध्ये, त्यांच्याच जेवणाच्या टेबलाभोवती त्यांची मुलगी आभा मित्रमंडळींना घेऊन खेळत बसली होती. या खेळाला ना पट असतो ना पत्ते. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात, आणि कुठे अडलं की फासा टाकून नशिबाला विचारतात. गोष्ट आभा सांगायची. तिने तांबडखंड नावाचा अख्खा मुलूख मनाने रचला होता. त्यात डोंगर होते, खाड्या होत्या, यक्ष, राक्षस होते आणि गुहांमधून महानाग राहत होते. सामंतांनी दोन रविवार पेपराआडून ऐकलं आणि तिसऱ्या रविवारी "जरा सरका रे" म्हणून खुर्ची ओढली.

त्यांना एक योद्धा देण्यात आला. पिवळ्या वाटेवर महानाग आडवा आला. बाकीचे झाडामागे लपले. सामंत म्हणाले, "थांबा, मी बोलतो त्यांच्याशी."

हे वाक्य आपला मध्यमवर्गीय पुरुष बँकेत म्हणतो, सोसायटीच्या मीटिंगमध्ये म्हणतो, टोलनाक्यावर काच खाली करून म्हणतो, आणि सहसा जगतो. महानागाला मात्र माणसांची बाजारबोली येत नव्हती. त्याने सामंतांचं वाक्य पुरं होऊ दिलं, मान तिरकी केली आणि त्यांना गिळलं.

दुसऱ्यांदा ते वैद्य झाले. एका ओसाड किल्ल्यात अर्धी भरलेली बाटली सापडली. आत काय आहे कोणालाच ठाऊक नव्हतं. "टाकून कशाला द्यायची?" म्हणत सामंत ती प्यायले. पद्मजाबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "घरीही असंच करतात."

मग केतनने नियम केला. केतन हा कळंबोलीच्या लोखंड बाजारात वडिलांच्या दुकानात बसणारा मुलगा. आवाज असा, की तो कुजबुजला तरी मजल्यावरच्या तीन घरांना कळायचं. तो म्हणाला, "काका, तिसऱ्यांदा मेलेला माणूस चहाला लागतो. खेळातून आऊट." सगळे हसले. सामंतही हसले. पण आभा हसता हसता म्हणाली, "चालेल, नियम म्हणजे नियम," आणि सामंतांनी हसणं आवरतं घेतलं.

कारण आभाला हैदराबादेत नोकरी लागली होती. ती महिन्याभरात जाणार होती, आणि खेळ पुढे स्क्रीनवर चालणार होता. रविवारी दुपारी ती तिथून लिंक पाठवणार. लिंक फक्त जिवंत खेळाडूंना.

आभा आधी चार वर्षं पुण्याला होस्टेलवर होती. तेव्हा बापलेकीचं फोनवरचं बोलणं ठरलेलं असे. "जेवलीस का?" "हो." "बरं, आईला देतो." चार वर्षांत हा संवाद एकदाही फसला नव्हता, आणि एकदाही पुढे सरकला नव्हता. या टेबलाशी मात्र तीच मुलगी त्यांच्याशी तास तास बोलायची. कधी दरोडेखोर होऊन, कधी विहिरीतलं भूत होऊन, पण बोलायची. तिसऱ्यांदा मरणं सामंतांना परवडण्यासारखं नव्हतं.

तेव्हा त्यांनी सगळ्यात सुरक्षित पात्र निवडलं. वकील.

"वकिलाला बाजारबोली सोडून आणखी तीन भाषा घेता येतात," आभा म्हणाली. "यक्षी, राक्षसी, नागभाषा, पाणबोली, बुटक्यांची दगडी, भुतांची... कुठल्या हव्यात?"

"उपयोगी कुठल्या?"

"ते तू ठरवायचं, बाबा. पुढच्या रविवारपर्यंत सांग."

भाषा निवडणं ही सामंतांच्या घराण्यात गंभीर गोष्ट होती. नववीत त्यांच्या वडिलांनी त्यांना संस्कृत घ्यायला लावलं, कारण संस्कृत स्कोरिंग. सामंतांना शंभरपैकी अठ्ठ्याण्णव मिळाले. त्या भाषेत कोणाशी बोलायची वेळ आयुष्यात आली नाही, आणि ती येईल असं घरात कोणी म्हटलंही नव्हतं. पुढे आभाला त्यांनी जर्मन घ्यायला लावलं, कारण तोवर जर्मन जास्त स्कोरिंग झालं होतं. आभाला आज जर्मनमध्ये रेल्वे स्टेशन कुठे आहे ते विचारता येतं. उत्तर मिळालं तर कळत नाही.

सोमवारी सकाळी सामंतांनी हा प्रश्न बागेतल्या फिरायला येणाऱ्या मंडळींपुढे ठेवला. या मंडळींनी आजवर कॉलनीतल्या दीड पिढीला कोणती शाखा घ्यावी ते सांगितलेलं होतं. आपण तांबडखंडाबद्दल बोलतोय हे सामंतांनी पहिल्याच वाक्यात स्पष्ट केलं. त्याने कोणालाही काही फरक पडला नाही.

"राक्षसी घ्या," क्लासवाले इंद्रजीतराव थांबून म्हणाले. "डोळे झाकून. लोकसंख्या बघा ना त्यांची! पुढची वीस वर्षं राक्षसांचीच आहेत."

"आणि यक्षी?"

"यक्षी स्कोरिंग. व्याकरण पाठ केलं की मार्क कुठे जात नाहीत."

"अहो, पण यक्ष उरलेत का?" बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी शंका काढली.

"त्याचा काय संबंध?" इंद्रजीतराव म्हणाले. सगळ्यांना ते पटलं.

पाणबोलीचं नाव निघालं तेव्हा मंडळींनी नुसत्या माना हलवल्या. खाडीवरचे लोक, होड्या, मासे. त्यासाठी वेगळी भाषा कशाला शिकायची, ते आपलं समजून घेतात. तिसऱ्या भाषेवर एक फेरी जास्त झाली. शेवटी नागभाषेवर एकमत झालं, कारण महानाग तांबडखंडातले सर्वांत जुने, सर्वांत श्रीमंत आणि सर्वांत वरच्या थरातले. "बोला न बोला," इंद्रजीतराव म्हणाले, "बायोडेटावर दिसते चांगली. नागभाषेला स्कोप आहे."

संध्याकाळी उरणजवळच्या द्रोणागिरीच्या गोदामातून, जिथे ते हिशेब खात्यात होते, सामंत घरी आले आणि निर्णय जाहीर केला. पद्मजाबाई शेंगा सोलत होत्या.

"जायचंय कुठे तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"म्हणजे खेळात. ज्या गावाला जायचंय, तिथे कोण राहतं ते विचारलंत का आभाला?"

सामंतांनी विचारलं नव्हतं. त्यांना ते सुचलंही नव्हतं. भाषा घेताना ती कोणाशी बोलायची हे विचारणं त्यांना जरा खालच्या पातळीवरचं वाटलं.

रविवारी कळलं, की जायचंय खाडीपलीकडे.

केतनच्या दरोडेखोराने फक्त बाजारबोली घेतली होती. उरलेल्या जागी त्याने मोठी कुऱ्हाड मागून घेतली. समृद्धीने पाणबोली घेतली होती. समृद्धी आभाची कॉलेजातली मैत्रीण, उरणच्या किनाऱ्यावरची, मासेमारी करणाऱ्यांच्या घरातली. एरवी ती शहरातलं मराठी सफाईने बोलायची. नावाड्याने पलीकडे न्यायला नकार दिला तेव्हा मात्र तिने खुर्ची मागे ढकलली, कमरेवर हात ठेवले आणि पाणबोली म्हणून घरची बोली सोडली.

"ओ नाखवा! आमी काय फुकट बसत नाय तुमच्या होडीत! भाव काय सांगताय, लाज हाय का? आजा तुमचा आमच्याच आज्याच्या होडीवर जात होता, इसरलाव काय?"

नावाडी झालेली आभा इतकी हसली, की तिला फासा टाकता येईना. होडी निघाली. पलीकडच्या किनाऱ्यावर खेकडेवाल्यांनी वाट दाखवली, तीही पाणबोलीतच. सामंत होडीत वल्ह्याशेजारच्या सामानासारखे बसून होते.

पहिली संधी आली ती एका पडक्या देवळात. भिंतीवर यक्षी लिपीत कोरलेला लेख होता. "कोणाला वाचता येतं?" आभाने विचारलं, आणि सामंतांनी नववीतल्यासारखा हात वर केला.

"वाच. लिहिलंय की, येथे लघुशंका करू नये."

"एवढंच?"

"खाली सही आहे. व्यवस्थापक."

केतन टेबलावर डोकं ठेवून हसत होता. सामंतांनी आपल्या अठ्ठ्याण्णव मार्कांचा मनातल्या मनात विचार केला आणि तो सोडून दिला.

पुढे राक्षसांचं ठाणं लागलं. सामंत पुढे झाले आणि उत्तम राक्षसीत म्हणाले, "नमस्कार, आम्हाला डोंगराकडे जायचंय." राक्षसाने बाजारबोलीत उत्तर दिलं. सामंत पुन्हा राक्षसीत बोलले. राक्षस पुन्हा बाजारबोलीत.

"अरे, तू राक्षस ना? मग राक्षसीत बोल की!"

"घरी बोलतो," राक्षस संकोचून म्हणाला. "बाहेर कशाला?"

सामंत पनवेल स्टेशनबाहेर रिक्षावाल्याशी कोणत्या भाषेत बोलतात आणि त्या रिक्षावाल्याचं आडनाव काय असतं, हे पद्मजाबाईंनी स्वयंपाकघरातून ऐकवलं. कोणी विचारलं नसताना.

आणि मग गुहा आली. आत खजिन्याची पेटी होती आणि पेटीभोवती वेटोळं घालून महानागीण झोपली होती. केतनने उत्साहाने कुऱ्हाड उगारली, फासा टाकला, कुऱ्हाड छताला लागली. महानागीण जागी झाली.

"कोण आहे?" आभाने आवाज खोल काढला. "हे नागभाषेत आहे बरं का. बाकीच्यांना फक्त फुत्कार ऐकू येतो."

"म्हणजे आम्ही काय करायचं?" केतनने विचारलं.

"घाबरायचं."

सगळे सामंतांकडे बघू लागले. सामंतांनी खुर्ची पुढे सरकवली. वय चौपन्न, भाषा हातात, समोरची व्यक्ती तीच भाषा बोलणारी. असं त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं, आणि काय बोलावं ते कोणत्याच क्लासमध्ये शिकवलेलं नव्हतं. आभाने फासा उचलून मुठीत धरला. तो पडला की संपलं.

"नमस्कार," सामंत म्हणाले. मग खांदा कॉलनीत लिफ्टमध्ये नवा माणूस भेटला की जे आपोआप तोंडून निघतं, तेच निघालं. "आपण मूळच्या इथल्याच का?"

आभाची मूठ थांबली.

"नाही," महानागीण म्हणाली. "आम्ही मूळच्या काळसुळक्याच्या. इथे येऊन नऊशे वर्षं झाली."

"काळसुळका! मग पिवळ्या वाटेवरचे ते महानाग तुमच्या ओळखीतले असतील."

"तो माझा आत्तेभाऊ."

"काय सांगता!" सामंत खुर्चीतून अर्धे उठले. "अहो, मला खाल्लं त्यांनी!"

"काका, ते आधीचं पात्र होतं!" केतन ओरडला.

"आमच्या मावसभावाला," सामंतांनी लगेच दुरुस्ती केली. "आमच्या मावसभावाला खाल्लं त्यांनी."

"हां, हां," महानागीण म्हणाली. "सांगत होता तो. बोलका होता म्हणे."

ओळख निघाली होती. एकदा ओळख निघाली की मराठी माणसाला हात लावणं अवघड असतं. खाणं तर फारच पुढची गोष्ट. सामंतांचा जीव भांड्यात पडला आणि जीभ सुटली. थंडी सोसते का, गुहा स्वतःची की वडिलोपार्जित, उन्हाळ्यात पाणी पुरतं का. आभा प्रत्येक प्रश्नाला उत्तर रचत होती आणि तिचे डोळे चमकत होते.

"घरी कोण कोण असतं?" सामंतांनी विचारलं.

"वडील असतात. पलीकडच्या डोंगरावर."

"बोलणं होतं?"

"शंखातून होतं," महानागीण म्हणाली. आवाज खोलच होता, पण आता त्यात थोडी आभा होती. "ते विचारतात, 'खाल्लंस का?' मी म्हणते, 'हो.' मग ते म्हणतात, 'बरं, आईला देतो.'"

समृद्धीने ओठ दाबून छताकडे पाहिलं. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला.

सामंतांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला.

"काय खाल्लं, ते नाही विचारत?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग मी विचारतो. आज काय खाल्लंत?"

"एक घोडा," महानागीण म्हणाली. "आणि दोन व्यापारी. एक जरा खारट होता."

"कुठला होता?"

इथून पुढे जे हसू फुटलं ते आवरेना. तेवढ्यात समृद्धीने सरपटत जाऊन पेटी ओढून घेतली होती, केतन गुहेच्या तोंडाशी पोचला होता, आणि महानागिणीला त्याची पर्वाही नव्हती. ती म्हणाली, "हे दोघं जाऊ देत. तुम्ही बसा. अजून खारट व्यापाऱ्याचं सांगायचंय."

"म्हणजे काका अडकले," केतन म्हणाला. "कैदी. मेल्यातच जमा."

"कैदी नाही, पाहुणे," आभा म्हणाली आणि फासा न टाकताच टेबलावर ठेवून दिला. "नियम मेलेल्यांसाठी आहे. बाबाला लिंक जाईल."

सामंतांनी त्या दिवशी सगळ्यांना स्वतः चहा केला. केतनने तो दोनदा मागितला.

आभा हैदराबादला गेल्यावरचा पहिला रविवार. लिंक यायच्या बऱ्याच आधी सामंत फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून टेबलाशी बसले होते. अंगात इस्त्रीचा शर्ट होता. पडद्यावर आभा आली. मागे नव्या खोलीची कोरी भिंत.

"बाकीचे यायचेत अजून," ती म्हणाली.

"जेवलीस का?"

"हो."

पद्मजाबाई सवयीने ओले हात पदराला पुसत आल्या आणि त्यांनी फोनसाठी हात पुढे केला.

"काय जेवलीस?" सामंतांनी विचारलं.

"अरे बाबा, इथे ना कोपऱ्यावर एक मेस आहे, तिथली आमटी इतकी तिखट..."

"कोण चालवतं? मूळचे तिथलेच का ते?"

पद्मजाबाई हात पुढे करून उभ्या राहिल्या. मग त्यांनी तो हात खाली घेतला, खुर्ची ओढली आणि बसल्या. फोन काही त्यांच्याकडे येण्याचं लक्षण दिसत नव्हतं.