अकरा नंबरचं मोहाचं झाड

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी मी उमरेड रोडकडच्या एका टेकडीवरची पायवाट निवडली होती. वाटेवरच्या वीस झाडांना पांढऱ्या रंगानं नंबर दिले होते. दर रविवारी जाऊन वसंताच्या खुणा वहीत लिहायच्या. पळसाची पहिली कळी कधी दिसली, सावर कधी फुलली, असं.

फाल्गुनात एका रविवारी आई सोबत आली. ती शाळेत गेलेली नाही. मी शिकते म्हणजे नेमकं काय करते, ते तिला पाहायचं होतं.

"झाडाले नंबर देऊन राहिली? आता त्याईचं आधार कार्डही काढून दे वं," म्हणून ती हसली.

अकरा नंबरच्या मोहाखाली मात्र थांबली. फांद्यांच्या टोकाला कळ्यांचे घोस लागले होते. "आठ दिवसांत फुलं पडतीन. पण या कचऱ्यात तुले दिसतीन कशी?"

तिच्या माहेरी फुलं वेचायच्या आधी मोहाखालचा पाला जाळतात. तिनं पाला गोळा केला आणि टेकडीवरच्या देवाला उदबत्ती लावायला आणलेली काडेपेटी काढली. "माह्यंही नाव लिवजो वहीत."

वारा होता. वाळलेलं गवत मला दिसत होतं. पण माझ्या अभ्यासातलं काही ती मला पहिल्यांदाच शिकवत होती, आणि मी थांब म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं.

आम्ही हिरव्या डहाळ्यांनी झोडपत राहिलो, तरी आग वर चढत गेली. गवत संपलं तेव्हाच ती विझली. आईचे हात पोळले होते.

पुढच्या रविवारी मी एकटीच गेले. पळसाच्या कळ्या करपून गेल्या होत्या. चौदा नंबरजवळच्या खड्यांत टिटवीची अंडी होती, ती काळी पडून तडकली होती. सरांनी 'कारण' असा रकाना आखून दिला होता. त्यात मी 'अज्ञात' लिहिलं. त्या वहीतली ती एकच नोंद खोटी आहे.

घरी आई फडकं बांधलेल्या हातांनी भाजी निवडत होती.

"माह्यं नाव लिवलं का?"

"नाही."

तिनं हातातली काडी खुडून टोपलीत टाकली. मग हळूच म्हणाली, "फुलं दिसली का पण?"

"दिसली," मी म्हटलं. काळ्या जमिनीवर एकूण एक फूल दिसत होतं.