पाणी उतरेपर्यंत

धुक्याचा पडदा सरकला आणि इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातल्या आमच्या नदीचं मुख उजळलं. दोन्हीकडे पिवळ्या फुलांनी भरलेले कडे, मधे समुद्राकडे घाईनं निघालेलं पाणी. काठावर हेस्टर टोझर बूट गळ्यात अडकवून येरझाऱ्या घालत होती.

इथे पूल नाही. किनाऱ्याची पायवाट नदीपाशी येते, आणि ओहोटीला पाणी गुडघ्यापर्यंत उतरलं की चालत पलीकडे जायचं. रस्त्यानं फार मोठा वळसा पडतो. पलीकडे हेस्टरची बहीण थर्झा राहायची. आज ती घर सोडून कायमची मुलीकडे शहरात निघाली होती.

"पाणी अजून कमरेएवढं कसं?" हेस्टर शेजारी उभ्या असलेल्या माझ्यावरच खेकसली.

"ओहोटीचं वेळापत्रक हिवाळी घड्याळानं छापतात. उन्हाळ्यात आपली घड्याळं तासभर पुढे असतात, म्हणून त्यात एक तास मिळवायचा असतो, हेस्टर."

"जन्म गेला इथे, आणि नेमकं आजच विसरले!"

समोरच्या काठावर थर्झा टॉवेल घेऊन उभी होती. मागे तिची मुलगी गाडीचा भोंगा वाजवत होती.

"तू नट होतास ना? मग ओरड! थांबा म्हणावं," हेस्टर मला म्हणाली.

मी पोटातून आवाज लावला. भोंगा बंद झाला. थर्झानं वाळूवर फतकल मारली.

हेस्टर मात्र बसेना. पाय बुडवून बघायची, चरफडत मागे फिरायची. अखेर पाणी गुडघ्याला आलं, तशी स्कर्ट खोचून ती आत शिरली आणि ओरडली, "टॉवेल कोरडा ठेव गं! आणि रडू नकोस, पाणी परत चढेल!"