बाईंचं परस

बाई मिरच्या भाजायच्या त्या वाऱ्याला विचारून. उन्हाळ्यात परसातल्या चुलीवर मसाल्याची कढई चढायची, धने-खोबरं भाजून व्हायचं आणि मिरच्यांची पाळी आली की बाई दोरीवरच्या ओल्या साडीकडे बघत बसायच्या. साडी आमच्या भिंतीकडे फडफडत असेल तर मिरच्या सुपातच. ती पलीकडच्या रिकाम्या प्लॉटकडे वळली की घाईघाईनं कढईत. एका वर्षी वारा काही केल्या वळेना, तर त्या घरानं कितीतरी दिवस मिळमिळीत कालवण खाल्लं. आईनं विचारलं तर म्हणाल्या, "आपल्या जिभेच्या चोचल्यांपायी दुसऱ्याला ठसका कशाला, वहिनी?"

जामखेडला आमची आणि बाईंची मागची भिंत एकच होती, कमरेएवढी. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांच्या शेवग्याची फांदी आमच्याकडे झुकलेली. शेंगा आमच्या, पाला मात्र त्यांचा, असा त्यांचा कायदा. रोज सकाळी स्वतःचा खराटा घेऊन फाटकातून येत आणि आमचं अंगण झाडून जात. आईला ते बघवेना. मग आई त्यांच्या आधी उठून झाडायला लागली, तर बाई तिच्याही आधी उठायला लागल्या. चांगुलपणाचासुद्धा जाच होतो, हे मला तेव्हा कळलं. आम्ही टीव्ही लहान आवाजात लावायचो, भाऊ परसात बॅट हातात घ्यायचा नाही. आमच्या घरात कुकरसुद्धा दबकत शिट्टी मारायचा. बाई कुणाला एक शब्द बोलत नव्हत्या, पण आमचीच टाप नव्हती.

आणि बाई स्वतः तर पुरत्या कोंडलेल्या. काकांना, म्हणजे त्यांच्या यजमानांना, अर्धांगवायू झाला होता. उजवं अंग गेलं, वाचा गेली. त्यांना एकटं टाकून बाईंना बाजाराला जाता येईना, रविवारी चर्चला जाता येईना. "मला आता समदं जग म्हंजे हे परस," त्या म्हणायच्या. दुपार कलली की काकांची खाट शेवग्याखाली यायची आणि बाई उशाला बसायच्या.

पूर्वी दोघं मिळून गावोगाव ख्रिस्ती भजनं म्हणायचे. काका ढोलकी वाजवायचे, बाई गायच्या. बाईंचा आवाज खणखणीत, माईक नसला तरी अडत नसे म्हणे. काकांना आता तेवढंच हवं असायचं. पण नेमकी तीच वेळ पप्पांच्या झोपेची. पप्पा शुगर फॅक्टरीत कामाला, हंगामात बहुतेक रातपाळी, आणि त्यांची खिडकी परसाकडे. मग बाई काकांच्या कानाशी तोंड नेऊन भजन पुटपुटायच्या. काका डावा हात वर करायचे, मोठ्यानं म्हण म्हणून. बाई आमच्या खिडकीकडे बोट दाखवायच्या. काकांचा हात खाली पडायचा. गच्चीवरून मला हे सगळं दिसायचं.

पप्पांनी भिंतीशी जाऊन सांगून पाहिलं, "बाई, मोकळ्या गळ्यानं म्हणा. आम्ही मशिनीच्या खडखडाटात डुलक्या काढणारी माणसं."

"तुमी भिडेखातर म्हणताय, दादा. रातभर जागलेल्या माणसाची झोप मोडणं बरं न्हाई."

"अहो, खरंच सांगतोय."

"व्हय, पण माझ्याच्यानं व्हायचं न्हाई ते," बाई म्हणाल्या आणि विषय संपला. आई घरात येऊन चिडली, "भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही."

त्या हंगामातच एका दुपारी बाई भिंतीशी आल्या. "वहिनी, दादा उठलेत का? ह्यांनी सकाळधरनं हट्ट धरलाय. पेज बी घेईनात. सारखा हात वर करत्यात."

"झोपलेत, पण तुम्ही म्हणा हो. मी सांगते ना."

बाईंनी वळून खाटेकडे बघितलं. मला वाटलं, आता म्हणतील. "नको. चहाच्या वेळंला उठतीलच की. तवा म्हणीन."

आईनं पप्पांना उठवायचं मनात आणलं, पण बाईंना कळलं तर त्यांना आणखी लागेल म्हणून राहिली. चहाच्या वेळेला पप्पा उठले. आईनं सांगताच कप तसाच ठेवून ते परसात गेले, मागोमाग मी आणि आई. बाई उशाशी बसल्या होत्या, काकांचा हात हातात घेऊन.

"बाई, उठलोय मी. म्हणा आता," पप्पा म्हणाले.

बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. "जरा दमानं, दादा. त्यांचा आत्ताच डोळा लागलाय."

पप्पा काकांकडे बघत राहिले आणि मग भिंत ओलांडून पलीकडे गेले. त्यांनी वाकून काकांच्या नाकाशी हात धरला. बराच वेळ धरला. मग हळूच बाईंच्या खांद्यावर ठेवला. बाईंना कळलं. त्यांनी काकांच्या अंगावरची चादर नीट केली, पदर सावरला आणि पप्पांकडे मान वर केली.

"झोप झाली ना, दादा, तुमची?"

पप्पांनी होकारार्थी मान हलवली.

"मग आता जरा आवाज व्हईल," बाई म्हणाल्या, आणि मगच त्यांनी गळा काढला.