कंसातला पाच

नंदाखालमध्ये प्रेमलाबाई राऊतांना काहीही विचारा, उत्तर ठरलेलं. पोस्टमन येऊन गेला का? "मी बघितलं नाही." दारातली चप्पल कुत्र्याने नेली की पोरांनी? "मी बघितलं नाही." अहो, तुमच्या डोळ्यादेखत नेली की! तरी तेच. गावाने याची थट्टा केली, थट्टा शिळीही झाली. फक्त शेजारची डेल्फिन अजून वैतागते, आणि तिचं वैतागणं रास्त आहे.

कारण राऊतांच्या आणि डेल्फिनच्या वाडीमधल्या कुंपणावर एक माड वाकडा वाढलाय. त्याचा नारळ कधी इकडे पडतो, कधी तिकडे, आणि उतारामुळे पडल्या जागी राहत नाही, घरंगळतो. म्हणून दोन्ही घरांत सासऱ्यांच्या काळापासून एक रीत आहे. नारळ पहिल्यांदा जिथे टेकला, त्या घराचा. नंतर कुठे का जाईना. ज्याने बघितलं त्याने सांगायचं, आणि सांगितलेलं दुसऱ्याने मानायचं. आजवर एका नारळावरून भांडण झालेलं नाही. पण गेली सहा वर्षं माडाखाली बसून केळीची पानं पुसणाऱ्या प्रेमलाबाई, धप्पकन आवाज झाला तरी म्हणतात, मी बघितलं नाही.

मौज अशी, की याच बाईंना एके काळी फक्त बघण्यासाठी बोलावलं जायचं.

बाई शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. चाळिशीत त्यांनी टेनिसच्या पंचांचा अभ्यास केला, परीक्षा दिली आणि मुंबईतल्या स्पर्धांना रेषेवरच्या पंच म्हणून जाऊ लागल्या. साडी नेसणारी राऊतांची सून पँट आणि टोपी घालून निघाली तेव्हा गल्लीच्या माना वळल्या. तुळशीदास, म्हणजे बाईंचे यजमान, दारात उभे राहून म्हणाले होते, वळू देत, माना मोडत नाहीत. माणूस थट्टेखोर, पण बायकोच्या पाठीशी भिंतीसारखा.

काम ऐकायला सोपं. गुडघ्यांवर हात ठेवून वाकून उभं राहायचं आणि आपल्या वाट्याच्या रेषेवर डोळे रोवायचे. चेंडू बाहेर पडला तर "आउट" म्हणून हात आडवा करायचा. आत पडला तर तोंडातून शब्द न काढता दोन्ही तळवे जमिनीकडे सपाट धरायचे. आणि तिसरी खूण, जी करायची वेळ क्वचित येते, ती म्हणजे दोन्ही हात डोळ्यांसमोर धरणं. अर्थ, मला दिसलं नाही. मग उंच खुर्चीवरचे मुख्य पंच निर्णय देतात, त्यांनाही दिसलं नसेल तर तो गुण पुन्हा खेळतात. तिन्ही खुणा सारख्याच मानाच्या, असं बाईंना शिकवलं होतं. बाईंच्या मनाने मात्र तिसरी कधीच मानाची मानली नाही. बघण्यासाठी बोलावलेल्या माणसाने दिसलं नाही म्हणायचं म्हणजे काय?

सहा वर्षांपूर्वी मुंबईत महिलांची एक व्यावसायिक स्पर्धा होती, एकेरीची. पात्रता फेरीच्या शेवटच्या सामन्यात एका बाजूला इलोना त्रेस्कोवा नावाची परदेशी मुलगी होती आणि दुसऱ्या बाजूला खुशी भोईर. आचोळ्याची, हरेश्वर भोईरांची लेक. जिंकणारी मुख्य स्पर्धेत जाणार होती. खुशीला टेनिस कोणी शिकवलं? प्रेमलाबाईंनी. शाळेच्या मैदानावर चुन्याच्या फक्कीने कोर्ट आखून, डाव्या पायावर भार टाकून चेंडू कसा मारायचा ते पावसाळ्याचे महिने सोडून दोन वर्षं घोकून घेतलं होतं.

स्पर्धेआधी एक अर्ज भरावा लागतो. खेळाडूंपैकी कोणाशी नातं वा ओळख आहे का? बाईंनी "नाही" वर खूण केली. शाळा सुटून मुलीला आठ वर्षं झालेली. शिवाय नंदाखाल रेल्वेच्या पश्चिमेला, आचोळे पूर्वेला. आमच्या पश्चिमेच्या माणसाला रुळांपलीकडचं सगळं परगावच वाटतं. खरं कारण वेगळं होतं. ओळख सांगितली असती तर त्या सामन्याला उभं राहता आलं नसतं, आणि बाईंना आपली मुलगी खेळताना जवळून बघायची होती.

तीच बघण्याची हौस नडली. तिसरा सेट सहा-सहा, मग सात गुणांचा निर्णायक टायब्रेक, त्यात खुशी पाच-सहाने मागे. हा गुण गेला की सामना गेला. खुशीने डाव्या पायावर भार टाकला, अगदी फक्कीच्या कोर्टावर टाकायची तसा, आणि बाईंची नजर रेषेवरून सुटून त्या पायावर गेली. डोळ्याचं पातं लवावं इतकाच वेळ. परत आली तेव्हा खुशीने मारलेला चेंडू टप्पा पडून मागच्या पडद्याला लागला होता.

हात वर आले. डोळ्यांसमोर जायला निघालेच होते. पण त्या अर्ध्या क्षणात बाईंच्या मनात आलं, उद्या कोणाला ओळख कळली तर म्हणतील, आपल्या पोरीसाठी बाईने गुण पुन्हा खेळवला. स्वतःच्या माणसाला झुकतं माप दिलं, हा बोल बाईंना विंचवासारखा. कठोर प्रामाणिकपणा दाखवायच्या भरात त्या खोटं बोलल्या. "आउट," म्हणाल्या आणि हात आडवा केला.

मुख्य पंचांनी खुशीकडे बघितलं. हरकत आहे का? मुलीने बाईंकडे एकदा पाहिलं, मान हलवली आणि जाळीकडे हात मिळवायला निघाली.

निकाल फोनवर आजही आहे. त्रेस्कोवा विजयी, ६-४, ३-६, ७-६, आणि शेवटी कंसात पाच. हरणारीने टायब्रेकमध्ये किती गुण घेतले ते त्या कंसात लिहितात. तो पाच बाईंच्या मानगुटीवर बसला तो बसलाच. मातीच्या कोर्टावर चेंडूचा ठसा तरी राहतो, तिथे तोही नव्हता. खुशी पुढे तीन स्पर्धा खेळली, तिन्ही वेळा पहिल्या फेरीत हरली आणि कामणच्या एका गोदामात नोकरीला लागली. बाईंनी टोपी कपाटात टाकली.

पण निकाल बघणं सुटेना. रोज सकाळी चहाआधी फोन. जगात कुठेही महिलांची स्पर्धा असो, त्रेस्कोवाचं काय झालं? ती जिंकली की बाईंचा दिवस बरा जायचा. बघा, मुलगी होतीच तशी दमाची, त्या दिवशीही तीच जिंकली असती. हरली की बाई अर्ध्या ताटावरून उठायच्या. निर्मळच्या यात्रेत बाईंनी तिच्यासाठी शंकरापुढे नारळ फोडला. देवाने तरी हे नाव कधी ऐकलं असेल?

तुळशीदास सकाळी विचारायचे, "काय गं, तुझी परदेशातली लेक काय म्हणते?" खरं काय ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. बाईंनी मनाशी बांधून ठेवलं होतं, ही मुलगी एखादी मोठी स्पर्धा जिंकली की आपण सुटलो.

यंदा ती जिंकली. युरोपातली मोठी स्पर्धा, अंतिम सामना ६-३, ६-४. बाईंनी तो दुपारी फोनवर पूर्ण बघितला. आता तिथे रेषेवर माणसं उभी करत नाहीत, सगळं कॅमेऱ्यांवर चालतं, आणि चेंडू बाहेर गेला की आधी भरून ठेवलेला आवाज "आउट" म्हणतो. बाईचाच आवाज. रेषेवर कोणी नाही, मोकळी जागा, आणि तिथून बाई ओरडतेय. प्रत्येक ओरडण्याला प्रेमलाबाईंचा हात मांडीवरून आपोआप आडवा जात होता. त्रेस्कोवाने करंडक उचलला, आणि बाईंना कळलं की सुटका वगैरे काही होणार नाही. त्या खूप घाबरल्या. उरलेल्या आयुष्याचं काय करायचं, हेच त्यांना समजेना.

दुसऱ्या दिवशी त्या कामणला गेल्या. गोदामाबाहेर चहाची टपरी होती, तिथे खुशी जेवणाच्या सुट्टीत आली. गळ्यात ओळखपत्र, केस बारीक कापलेले. बाई, तुम्ही इकडे कशा, म्हणून वाकून पाया पडली. आणि बाईंनी तिला बसूही न देता सगळं सांगितलं. नजर सुटली ते, हात वर आले ते, अर्जातलं "नाही" सुद्धा.

खुशीने टपरीवाल्याकडून चहाचा ग्लास घेतला. मग म्हणाली, "पप्पा त्याच लाइनीत बसले होते, बाई. बाहेर आल्या आल्या म्हणाले, पोरी, बॉल आतमदी व्हता, मी सोताच्या डोल्यांनी बगितला. मी त्यांच्यावर ओरडले. म्हटलं, बाई खोटं सांगतील का? तुम्हाला टेनिसमधलं काय कळतं?"

बाईंनी विचारलं, मग ते काय म्हणाले.

"काहीच नाही. परत माझी एकही मॅच बघायला आले नाहीत. मागच्या दिवाळीत गेले ते." तिने हातातला ग्लास टपरीच्या फळीवर ठेवला. "बाई, एकच सांगा. पप्पा बरोबर होते ना? आत होता ना?"

बाई हेच सांगायला आल्या होत्या की मला दिसलं नाही. सहा वर्षं उशिरा का होईना, ती तिसरी खूण करायला आल्या होत्या. हातही उचलले गेले. पण समोरच्या मुलीचा चेहरा त्यांना बघवला नाही. हात अर्ध्यावरून खाली आले आणि दोन्ही तळवे जमिनीकडे सपाट झाले.

"आत होता, पोरी," बाई म्हणाल्या.

खुशी तिथेच बाकड्यावर बसली आणि तोंडावर ओढणी घेऊन रडली. रडताना एकदाच म्हणाली, पप्पांना सांगायला पाहिजे होतं. बाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. तो हात त्यांना स्वतःचा वाटत नव्हता.

घरी आल्यावर त्या नेहमीसारख्या माडाखाली केळीची पानं पुसत बसल्या. तुळशीदास ओट्यावर सुपारी कातरत होते. धप्पकन आवाज झाला. कुंपणापलीकडून डेल्फिनने हाक दिली, "प्रेमला, कोणाकडे पडला गं?" उत्तर ठाऊक असल्यामुळे ती वळलीही होती.

"तुमच्याकडे," प्रेमलाबाई म्हणाल्या. मान त्यांनी वर केली नव्हती.

तुळशीदासांनी अडकित्ता खाली ठेवला. नारळ त्यांच्या डोळ्यांसमोर, बाईंच्या पाठीमागे दोन हातांवर, राऊतांच्याच वाडीत टेकला होता आणि घरंगळत कुंपणाकडे निघाला होता. ते सांगायला उठलेच होते, तेवढ्यात त्यांची नजर बायकोच्या हातांवर गेली. पानं बाजूला पडली होती, आणि बाई दोन्ही तळवे जमिनीकडे धरून तशाच बसल्या होत्या.