भाऊजींचा कान

देवाने माणसाला डोळे दिले ते चेहऱ्याला शोभा यावी म्हणून, खरं काम करतो तो कान, असं ठामपणे मानणारा एकच माणूस मी माझ्या चौऱ्याहत्तर वर्षांत पाहिला, आणि तो नेमका आमच्या समोरच्या दारात राहतो. आमच्या ह्यांचे हे शाळेपासूनचे मित्र. ह्यांना जाऊन नऊ वर्षं झाली, पण जाताना मित्र मला ठेवून गेले. मी त्यांना भाऊजी म्हणते, ते मला वहिनी म्हणतात, आणि नारायण पेठेतल्या आमच्या इमारतीतली बाकीची दहा बिऱ्हाडं त्यांना काका म्हणतात, त्यातली काही जण त्यांच्याहून मोठी आहेत तरी. आधी ट्रकच्या गॅरेजात आणि मग तीसेक वर्षं नगर रस्त्यावरच्या एका वर्कशॉपात त्यांनी काढली. तिथे साध्यासुध्या गाड्या येतच नाहीत. परदेशी, भारी, आत शिरताना आपली चप्पल बाहेर काढावी की काय असं वाटायला लावणाऱ्या. त्या गाड्यांचं भाऊजी काय करत? तर ऐकत. हातभर लांब पोलादी सळई, एका टोकाला लाकडी मूठ. टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे. दोन मिनिटांनी डोळे उघडून सांगायचं, "तिसऱ्याला खोकला आहे." पोरं तिसरा सिलिंडर उघडायची आणि खोकला सापडायचा. वय उलटून गेलं तरी मालकांनी त्यांना ठेवलं होतं ते फक्त त्या कानासाठी.

एवढ्या लाखालाखाच्या गाड्यांची नाडी बघणाऱ्या माणसाकडे स्वतःची स्कूटर कशी होती म्हणता? ती सुरू झाली की समोरच्या झाडावरचे कावळे उडायचे. मी एकदा बोलले, तर म्हणाले, "वैद्याच्या घरात कधी कोणी औषध घेतलेलं पाहिलंत?" दाराची बेलही तशीच. दोन वर्षं बंद. भाऊजींची बायको कुसुम, माझी जिवाभावाची, तिने दारावर स्वतःच्या सुवाच्य अक्षरात पाटी लावली होती: "बेल बंद आहे. दार वाजवावे. जोरात." येणारेजाणारे ती वाचून हसायचे. मीही हसायचे. आता हसत नाही, त्याचं कारण पुढे येईलच.

भाऊजी रस्ताही कानाने ओलांडत. मंडईतून भाजी घेऊन येताना एकदा त्यांच्यासोबत लक्ष्मी रस्ता ओलांडायचं माझ्या नशिबी आलं. माझ्या दोन्ही हातांत पिशव्या, समोरून वाहनांचा लोंढा, आणि हे गृहस्थ कडेला उभे राहून डोळे मिटून घेतात. "रिक्षा आहे, सायलेन्सर फुटलेला. जाऊ द्या. मागून जीप, तिसरा गिअर अडखळतोय, ती वळणार. वळली. चला वहिनी." आणि चालायला लागले, सरळ, रस्ता वडिलांनी नावावर करून दिल्यासारखे. मी रामाचं नाव घेत मागे. पलीकडे पोहोचल्यावर म्हणाले, "डोळ्याला पुढचंच दिसतं. कान चारी बाजूंनी बघतो." त्या दिवसापासून माझा त्यांच्या कानावर विश्वास बसला तो बसलाच. हा विश्वास मला केवढ्याला पडला तेही सांगते.

माणसंसुद्धा ते आवाजावरून पारखत. माझ्या पुतणीला बघायला मुलगा आला, मोटरसायकलवर. आम्ही पोहे-चहाच्या गडबडीत, भाऊजी गॅलरीत. मुलगा वर यायच्या आत त्यांचा निकाल तयार. "हा क्लच अर्धा दाबून ठेवतो. वाईट नाही मुलगा, पण निर्णय घ्यायचा नाही." लग्न झालं, संसार उत्तम चाललाय, आणि फ्लॅट वाघोलीत घ्यावा की घेऊच नये ह्याचा विचार गेली अकरा वर्षं चालू आहे.

सगळं असं छान चाललं होतं. मग विजेच्या गाड्या आल्या.

वर्कशॉपच्या बरोब्बर समोर एका नव्या विजेच्या गाड्यांच्या कंपनीने काचेचं दालन उघडलं. भाऊजी पहिल्या दिवशी रस्ता ओलांडून बघून आले आणि म्हणाले, "ती गाडी नाही वहिनी, चाकं लावलेला मोबाईल आहे." त्यांच्या लेखी जुन्या कंपन्या म्हणजे घराणी. शंभर शंभर वर्षांची तालीम, पिढ्यांनी घोटून घोटून बसवलेला आवाज. आणि हे कालचे आलेले. पण गिऱ्हाईक घराणं बघत नाही. एक बांधकामवाले साहेब होते, वडिलांच्या काळापासून भाऊजींकडेच येणारे. ते एके दिवशी आपली गाडी विकून समोरच्या दालनात गेले आणि नव्या गाडीतून भाऊजींना हात करत निघून गेले. असे एकेक करत बरेच गेले. तरी भाऊजींनी धीर सोडला नव्हता. धीर सुटला तो घराण्यानेच विजेची गाडी काढली तेव्हा. एखाद्या कीर्तनकाराचा मुलगा पळून जाऊन डान्स बारमध्ये लागावा तसं त्यांनी ते मनाला लावून घेतलं. त्यात त्या गाडीला इंजिनाचा खोटा आवाज बसवलेला, आतल्या स्पीकरमधून. "मेलेल्या माणसाच्या तोंडाशी त्याचीच रेकॉर्ड लावावी तसं," म्हणाले, आणि त्या रात्री जेवले नाहीत.

आणि आमच्या अभिजितला, माझ्या मुलाला, हीच वेळ सापडली विजेची गाडी घ्यायला. परदेशी वगैरे नाही, आपली साधी, पण विजेची. दसऱ्याला आमच्या इमारतीत एक रीत आहे. प्रत्येक गाडीची पूजा भाऊजी करतात. नुसता झेंडूचा हार घालून नाही. बॉनेट उघडायचं, इंजिनाला हळदकुंकू लावायचं, सळई टेकवून दोन मिनिटं ऐकायचं आणि मालकाला वर्षाचं भविष्य सांगायचं. त्या दसऱ्याला अभिजितने बॉनेट उघडलं. आत इंजिन नाहीच. एक रिकामा खोलगट ट्रे, त्यात छत्री आणि भाजीची पिशवी. भाऊजी तबक घेऊन उभे.

"कुंकू कुठे लावू रे?"

"काका, चार्जिंगच्या तोंडाला लावा ना."

भाऊजींनी बॉनेट हलकेच बंद केलं. "देव्हारा आहे, देव नाही," म्हणाले आणि पुढच्या गाडीकडे गेले.

त्यानंतर महिन्याभरात मालकांनी त्यांना बोलावून सांगितलं, काका, आता सगळं विजेचं होणार, कॉम्प्युटर लावला की दोष पडद्यावर येतो, कानाचं काम उरलं नाही. शाल दिली, नारळ दिला. भाऊजी सळई पिशवीत घालून घरी आले. चिडले नाहीत. उलट मला म्हणाले, "मी हरलो नाही वहिनी, लढाईच बंद झाली." मला ते वाक्य फार आवडलं होतं. मी ते चार जणांना सांगितलंही.

आता तो दिवस. सकाळचे दहा, साडेदहा. मी पहिल्या मजल्याच्या गॅलरीत मेथी निवडत बसले होते. खाली अभिजित पार्किंगमधून गाडी मागे घेत होता. ह्या गाड्या अगदीच मुक्या नसतात, हे मला तोवर ठाऊक झालं होतं. हळू चालताना, मागे येताना त्या मुद्दाम आवाज करतात, माणसांना कळावं म्हणून. डब्यात भुंगा कोंडल्यासारखा, घूंऽऽ असा. मला तो वर गॅलरीत स्वच्छ ऐकू येत होता. भाऊजी दूध घेऊन फाटकातून आले. खांबापाशी थांबले. डोळे मिटले, मान जराशी तिरकी केली, नेहमीसारखी. भुंगा जवळ येतोय. भाऊजी ऐकतायत. मग त्यांनी डोळे न उघडताच पाऊल पुढे टाकलं.

मी हाक मारली नाही. कशी मारणार? त्यांना ऐकू येणार नाही, हे माझ्या मनातच आलं नाही.

धक्का तसा मोठा नव्हता, पण ह्या वयात पडणंच पुरतं. खुब्याचं हाड गेलं. दूध सगळीकडे पसरलं. अभिजित, बेचाळीस वर्षांचा बाप्या, त्या दुधात गुडघे टेकून बसून लहान मुलासारखा रडत होता.

संध्याकाळी हॉस्पिटलात शुद्धीवर आल्यावर भाऊजींचं पहिलं वाक्य, "वहिनी, आलीच कशी ती? चाहूल नाही, काही नाही."

अभिजित म्हणाला, "काका, मागे घेताना ती आवाज..."

मी त्याचं मनगट धरलं. नखं रुतली असतील त्याला. "कसला आवाज," मी म्हटलं. "मुकी आहे मेली. मी वर होते, मलाही नाही आला."

अभिजितने माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घातली. "हो काका. मीच बघायला हवं होतं मागे. चूक माझी."

"तुझी कसली रे," भाऊजी म्हणाले. "गाडीच तसली." आणि निवांत डोळे मिटले.

कुसुम मला बाहेर घेऊन गेली. बाकावर बसलो. बराच वेळ ती पदराचं टोक दुमडत आणि उलगडत राहिली. मग म्हणाली, "बेल बंद नाहीये गं. मीच तिची तार काढलीय." दोन वर्षांपूर्वी एकदा बेल वाजत राहिली आणि भाऊजी दाराशेजारीच पेपर वाचत बसलेले. उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी तिने तार काढली आणि पाटी लावली. जोरात दार वाजवलं की त्यांना कळतं. टीव्हीवाले तोंडातल्या तोंडात बोलतात म्हणून ते रोज कुरकुरत, ती हो म्हणायची. डॉक्टरांचं नाव काढलं की म्हणायचे, माझ्या कानाला डॉक्टर? वर्कशॉपातही लागोपाठ दोन गाड्या त्यांनी ठणठणीत म्हणून परत पाठवल्या होत्या आणि दोन्ही वाटेत बंद पडल्या. मालकांनी कुसुमला फोन केला होता. "काकू, काकांना हे सांगायला माझी जीभ रेटत नाही. मी विजेच्या गाड्यांचं कारण सांगतो."

म्हणजे त्या बिचाऱ्या गाडीवर आधी मालकांनी खापर फोडलं, मग मी. घराण्याची आणि त्या काचेच्या दालनाची लढाई खरीच आहे, ती चालेल अजून, कोण जिंकायचं ते जिंकेल. पण आमच्या भाऊजींचा कान त्या लढाईच्या आधीच गेला होता, आणि ते त्यांना कळू नये म्हणून आम्ही सगळे विजेच्या गाडीच्या आड लपलो होतो. कुसुमला मी म्हटलं, "तू मला तरी सांगायचंस." ती म्हणाली, "तुला सांगितलं असतं तर तू त्यांच्याशी मोठ्याने बोलायला लागली असतीस." खरंच आहे. लागलेच असते. आणि त्या दिवशी गॅलरीतून ओरडलेही असते. हे ती बोलली नाही. मीही नाही. पण त्या बाकावर आम्हा दोघींच्या मध्ये ते बसलेलं होतं, अजूनही असतं.

आता भाऊजी चाकांच्या खुर्चीत असतात. पुन्हा चालतील असं डॉक्टर म्हणाले होते, नंतर म्हणायचे थांबले. संध्याकाळी गॅलरीत बसतात आणि रस्त्याकडे पाठ करून गाड्या ओळखतात. "डिझेल. जुनी. पट्टा सैल झालाय." कुसुम खाली डोकावते. इस्त्रीवाला सायकल ढकलत चाललेला असतो. "हो, पांढरी जीप," ती म्हणते. ती बेलची पाटी सोडली तर चाळीस वर्षांत ही बाई एक खोटं बोलल्याचं मला आठवत नाही, आणि आता रोज दहा-बारा बोलते.

गेल्या दसऱ्याला भाऊजी म्हणाले, मला खाली न्या. पूजा करायची. चौघांनी खुर्ची उचलून पार्किंगमध्ये आणली. कुसुमने तबकात सळईही ठेवली होती, हत्यार म्हणून. बाकीच्या गाड्यांना त्यांनी नुसतं हळदकुंकू लावलं, सळई कुठेच टेकवली नाही. भविष्यही सांगितलं नाही. मग म्हणाले, "अभि, तुझी आण."

अभिजितची गाडी त्या दिवसापासून कोपऱ्यात असायची. फार अडलं तरच काढायचा. त्याने ती हळूहळू मागे घेतली, दर हातभर अंतराला थांबत. घूंऽऽ आवाज पार्किंगभर भरला. छताखाली तो दुप्पट होतो. सगळी बिऱ्हाडं उभी होती, प्रत्येकाला ऐकू येत होता. कोणी एकमेकांकडे पाहिलं नाही. अभिजितने गाडी भाऊजींच्या अगदी पुढ्यात आणून थांबवली, तरी भुंगा चालूच होता.

"बघा वहिनी," भाऊजी म्हणाले. "एवढी जवळ आली, आहे का चाहूल?"

"नाही हो," मी म्हटलं.

त्यांनी बोट कुंकवात बुडवलं, गाडीच्या मागच्या पत्र्याला टिकली लावली. आणि मग तळवा तसाच पत्र्यावर टेकून ठेवला. आयुष्यभर यंत्रांवर टेकलेला तळवा तो. टिकली लावायला लागतो त्याहून पुष्कळ जास्त वेळ तो तिथे राहिला. भुंगा चालूच होता, पत्रा त्याने बारीक थरथरत असणार. मला गॅलरीतला तो दिवस आठवला.

कुसुम सळई त्यांच्यापुढे धरून म्हणाली, "देऊ का?"

त्यांनी तोंड वर करून तिच्याकडे पाहिलं, मग अभिजितकडे, मग माझ्याकडे. चेहऱ्यावर राग नव्हता.

"नको," म्हणाले. "मुकीच आहे ती."

आणि हात काढून घेतला, धोतराला पुसला, आणि सोन्याची पानं वाटायला मागितली.